अठरा वर्षं उभी असलेली जीप घरीच दुरुस्त करायची, तर आधी काय खोलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांची विलीज सीजे-थ्री-बी जीप अठरा वर्षं शेडमध्ये उभी आहे. इंजिन अडकलंय, ब्रेकचं पेडल थेट तळाला जातं, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडलाय. हत्यारं बऱ्यापैकी आहेत, वेल्डिंग जमतं, शनिवार-रविवार मोकळे असतात. गाडी पूर्ण खोलून, नुसती चॅसी उरेपर्यंत सुटी करून, साफ करून, रंगवून पुन्हा जोडायची असा बेत आहे. तो बरोबर आहे का?

नाही. निदान आत्ता तरी खोलू नका. आधी ती आहे त्या अवस्थेत चालू करा, थांबेल एवढी करा, अंगणात चार फेऱ्या मारा. मग एका वेळी एकच भाग काढा, तो पूर्ण करून परत बसवा, आणि त्यानंतरच पुढच्याला हात लावा. पंचवीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या अर्धवट गाड्यांपैकी बहुतेक गंजाने मेल्या नव्हत्या. त्या पहिल्या उत्साहात एका आठवड्यात खोलल्या गेल्या होत्या. खोलणाऱ्याला सगळं लक्षात राहील असं वाटतं. सहा महिन्यांनी खोक्यात दोनशे बोल्ट आणि चाळीस वायसर असतात, आणि कुठला कुठे होता ते कोणालाच आठवत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. चालती गाडी तुम्हाला स्वतःहून सांगते की तिला काय झालंय. तिसऱ्या गिअरमध्ये आवाज आहे की नाही, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागची, ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) लो रेंजमधून उडते का, पुढचा एक्सल कुरकुरतो का, हे टेबलावर पडलेल्या भागांकडे बघून कळत नाही. सगळं खोलून रंगवून जोडलं आणि मग पहिल्या फेरीत गिअरबॉक्स ओरडला, तर नव्या रंगावर पान्याचे ओरखडे काढत तोच परत उतरवावा लागतो.

म्हणून पहिले दोन दिवस फक्त वही, टॉर्च, मेजरिंग टेप आणि एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली घालवा.

चॅसीपासून सुरुवात करा. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपासून समोरच्या कोपऱ्यातल्या हँगरपर्यंत तिरपं माप घ्या, मग उलट बाजूने तसंच. दोन मापांत तीन-चार मिलिमीटरहून जास्त फरक आला, तर चॅसी कधीतरी वाकली आहे आणि ते काम आधी करावं लागेल. मागचा आडवा मेंबर आणि हँगरच्या आसपासचा भाग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं भदभदतं. टोक आत जात असेल तिथे खडूने खूण करा.

मग फ्लोअरखालचे टोपीसारख्या आकाराचे आडवे चॅनेल बघा. युद्धकाळातल्या जीपमध्ये या चॅनेलच्या आत लाकडी पट्ट्या असत. त्या पाणी धरून ठेवत आणि पत्रा आतून बाहेर सडत जाई. वरून फ्लोअरला एक भोक दिसतं तेव्हा खाली चॅनेल बहुधा संपलेला असतो. म्हणून फक्त वरून ठिगळ मारण्याचा विचार करू नका.

तिसरी तपासणी फार कमी लोक करतात, आणि जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत ती सगळ्यात मोलाची आहे. पुढच्या आणि मागच्या एक्सलचा क्राउन-पिनियन रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला एक्सल फिरवणारा दांडा (प्रोपेलर शाफ्ट) किती फिरतो ते, सारखा आहे का पाहा. इतक्या वर्षांत कोणीतरी एखादा एक्सल दुसऱ्या गाडीचा घातलेला असू शकतो. सीजे-थ्री-बीचा मूळ रेशो ५.३८, युद्धातल्या विलीज एमबी जीपचा ४.८८. वरून दोन्ही हाऊसिंग सारखीच दिसतात. मोजायला हाऊसिंग खोलावी लागत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एक चाक जमिनीवर ठेवा आणि दुसरं जॅकने उचलून एक्सलखाली घोडी द्या. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ ओढा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. पाच फेरे आणि वर एक तृतीयांशाहून किंचित जास्त, म्हणजे ५.३८. पाच पूर्ण व्हायला थोडा कमी पडला, तर ४.८८. मग मागच्या चाकांना अडण लावून पुढे तसंच करा. पुढे फ्री-व्हील हब बसवलेले असतील तर आधी ते लॉक करून घ्या. दोन फेरे का, तर एक चाक अडलेलं असताना डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) दुसऱ्याला दुप्पट फिरवतं. दोन्ही एक्सलची उत्तरं वेगळी आली, तर ते सुटेपर्यंत पुढचा ड्राइव्ह लावायचाच नाही. या गाड्यांना मधला डिफरन्शियल नसतो, त्यामुळे पुढचे आणि मागचे गिअर एकमेकांशी झगडतात आणि जे कमजोर ते तुटतं.

हीच गोष्ट हँडब्रेकला लागू आहे, आणि ती गाडीखाली झोपण्याआधी मनात पक्की करून घ्या. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, प्रोपेलर शाफ्टला धरतो. म्हणजे मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक उरत नाही. आणि मागचं एक चाक वर उचललं, तरी तो गाडी धरत नाही, कारण जमिनीवरचं चाक डिफरन्शियलमधून मोकळं फिरतं. हँडब्रेक ओढलाय म्हणून निर्धास्त होऊन अडण न लावता जॅक लावलेला मी पाहिलाय, आणि जॅकवरून घरंगळलेली गाडीही पाहिली आहे. सुदैवाने खाली कोणी नव्हतं.

आता इंजिन. सीजे-थ्री-बी १९५३ साली आली आणि तिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच आहे ते या इंजिनामुळेच. १३४ क्युबिक इंचांचं, म्हणजे साधारण २.२ लिटरचं हे चार सिलिंडरचं इंजिन, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. अडकलेल्या इंजिनाला ओढून, गिअरमध्ये टाकून सोडवायचा मोह फार होतो. कृपा करून करू नका. गंजलेली रिंग तुटते, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे इंजिन एका आठवड्याच्या धीराने वाचलं असतं त्याला बोअर करावं लागतं.

चारही प्लग काढा. ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे घाला. ॲसिटोन उडून जातं आणि पेटतं, म्हणून शेडचं दार उघडं आणि जवळ ठिणगी नको. रोज थोडं-थोडं पुन्हा घाला. चौथ्या-पाचव्या दिवशी इंजिन फिरवायचं हँडल लावून हलकेच दाबा, आधी एका दिशेला, मग फ्लायव्हीलवरून उलट्या दिशेला. हिसका मारायचा नाही. पहिल्यांदा हँडल जेमतेम एक बोट सरकतं. त्या दिवशी तेवढ्यावर थांबा, पुन्हा तेल घाला. दुसऱ्या दिवशी दोन बोटं. असं करत पूर्ण फेरा सुटतो. मी शेवटचं जे इंजिन सोडवलं त्याला अकरा दिवस लागले, आणि सिलिंडरच्या भिंतीवर फक्त एक पुसट रेघ उरली होती. पंधरा दिवसांत काहीच हललं नाही तर हेड उतरवा, त्याआधी नाही.

फिरायला लागलं की बाजूची व्हॉल्व्ह-कव्हर प्लेट काढून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघा. उभ्या गाडीत तेच अडकतात, उघडे राहतात. स्टेमवर तेल घालून इंजिन हाताने फिरवत राहिलं की बहुधा मोकळे होतात. टॅपेटचं (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचं) अंतर थंड इंजिनावर इनटेकला ०.०१८ इंच, एक्झॉस्टला ०.०१६. इथे ही मापं लिहिण्याचं कारण असं की कित्येक जण दोन्हीकडे एकच माप ठेवतात.

तेल बदला, नवा फिल्टर लावा, आणि प्लग न लावताच स्टार्टरवर किंवा हँडलने ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत फिरवा. काटा हलत नसेल तर पुढे जाऊ नका, पंपात तेल भरून पुन्हा बघा. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. एकूण आकडा किती आला यापेक्षा चारांत फरक किती आहे ते महत्त्वाचं. सुमारे १० पीएसआयच्या आत असतील तर खुश व्हा. एखादा खूप कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सारखेच कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड पॅकिंग गेलंय. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, फट प्लगला ०.०३० इंच, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटला ०.०२०. पेट्रोल जुन्या टाकीतून घेऊ नका. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, आतून गंजलेली असणारच. झाकणवाल्या छोट्या डब्यातून पंपाला पाइप द्या. सगळे रबरी पाइपही बदला, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर मऊ करतं.

इंजिन सुरू झालं की लगेच गिअर टाकून बाहेर काढावीशी वाटेल. थांबा. आधी ब्रेक.

या जीपला एकच ब्रेक सर्किट आहे. चारपैकी एक व्हील सिलिंडर फुटला तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून इथे "एक बदलू, बाकी बघू" चालत नाही. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, सगळे रबरी होज आणि गंजलेल्या लोखंडी लाइन सगळं एकदम. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो असं समजूनच वागा. ड्रममधली धूळ कधीही हवेने फुंकू नका, ब्रशने झटकू नका. साबणाच्या पाण्याने ओली करून पुसा, मास्क लावा, फडकी पिशवीत बांधून टाका. आणि ज्या भागावर पुढे वेल्डिंग करायचंय तो क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने धुऊ नका. त्याचा अंश आर्कमध्ये तापला की फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो.

चाकं काढताना: या पिढीच्या बहुतेक जीपना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर किंवा नटवर एल कोरलेलं आहे का बघा. तुटलेले स्टड मी सर्वात जास्त डाव्या बाजूलाच पाहिलेत, कारण माणूस सवयीने सुलट जोर लावत राहतो आणि प्रत्यक्षात नट घट्ट करत असतो. आणि दोन तुकड्यांच्या, बोल्टने जोडलेल्या लष्करी रिम असतील, तर रिमच्या बोल्टला हात लावण्याआधी व्हॉल्व्हची कोअर काढून हवा पूर्ण जाऊ द्या. हवा भरलेली रिम सुटली तर माणूस मरतो.

मागचे हब वेगळं प्रकरण आहे. हब टेपर (निमुळत्या) एक्सलवर किल्लीसह (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्यासह) दाबून बसवलेला असतो आणि वर्षानुवर्षांत तो जवळजवळ वेल्ड झाल्यासारखा होतो. त्यासाठी तीन पायांचा जाड हब-पुलर लागतो. मधला नट पूर्ण काढू नका, दोन आटे सैल करून तिथेच ठेवा, म्हणजे हब सुटताना उडून अंगावर येणार नाही. पुलर ताणून ठेवा, त्याच्या बोल्टवर एक ठोका, आणि चहाला जा. परत येईपर्यंत कधी आपोआप सुटलेला असतो. एक्सलच्या टोकावर घण घालू नका, आटे जातात आणि आतल्या बेअरिंगला मार बसतो. परत बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ हवा, नट किमान १५० फूट-पाउंडला घट्ट, आणि कॉटर पिनचं भोक जुळवायला पुढेच फिरवायचा, मागे कधीच नाही.

ब्रेक पक्के झाले की अंगणात चालवा, वही हातात धरून. आता काय-काय करायचं ते गाडीच सांगेल. यादी केली की एक-एक भाग घ्या.

ट्रान्सफर केसखाली तेलाचं डबकं जवळजवळ नक्की असेल. या केसमधला मधला शाफ्ट कास्टिंगमध्ये नुसता बसवलेला असतो, मागे एका पट्टीने अडकवलेला. वर्षानुवर्षं हलून भोक लंबगोल होतं आणि तिथून तेल झिरपतं. हा शाफ्ट तीन वेगवेगळ्या जाडीचा आला, पाऊण इंच, सव्वा इंच आणि त्यांच्या मधला एक पूर्णांक एक अष्टमांश. म्हणून नवा मागवण्याआधी आपला काढून व्हर्नियरने मोजा. शिवाय गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना चिकटलेले असल्याने तेल एकातून दुसऱ्यात सरकतं. गिअरबॉक्समध्ये तेल कमी दिसलं तर ओतण्याआधी ट्रान्सफर केसची पातळी बघा, ते तिथे जाऊन बसलेलं असू शकतं. तेल जीएल-५ दर्जाचं नको. त्यातली काही रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना खातात. जीएल-४ घाला.

प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी स्प्लाइनच्या दोन्ही बाजूंना रंगाने एक सलग खूण करा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत बसले नाहीत तर सगळे क्रॉस (शाफ्टचे सांधे) नवे घालूनही गाडी थरथरते.

स्टिअरिंग ताशी चाळीस-पन्नासला जोरात हलू लागलं तर लोक आधी डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे दाबणारा शॉक-ॲब्सॉर्बर) शोधायला धावतात. त्याने आजार फक्त झाकला जातो. पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिनचं (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खिळीचं). किंगपिन बेअरिंगवरचा ताण शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) बसवतात. शिम वर आणि खाली सारख्या ठेवायच्या, नाहीतर आतला जॉइंट मध्यावर राहत नाही. मग पुढच्या मेंबरवरचा बेल क्रँक (स्टिअरिंगचा जोर चाकांकडे वळवणारा तुकडा) बघा. बहुतेक खेळ तिथेच लपलेला असतो.

पत्र्याचं काम आता. बॉडी चॅसीवरच ठेवून करा, कारण माउंटिंगचे बोल्ट हीच तुमची सगळ्यात बिनचूक जिग (माप धरून ठेवणारा साचा) आहे. आधी टबमध्ये (बॉडीच्या उघड्या खोक्यात) दोन तिरप्या नळ्या वेल्ड करून आधार द्या, मग एकाच बाजूचा फ्लोअर आणि चॅनेल कापा, बदला, बोल्ट बसतात का बघा, आणि त्यानंतर दुसरी बाजू. दोन्ही बाजू एकदम कापलेला टब केळीच्या पानासारखा पिळतो. टाके लांब-लांब मारा, सलग ओढू नका. टाकी आधीच गाडीबाहेर आणि शेडबाहेर गेलेली हवी. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, कारण आतली वाफच पेटते. झिंक चढवलेल्या पत्र्यावर वेल्ड करायच्या जागचं झिंक घासून काढा, त्याचा धूर तापासारखा अंगात येतो.

ब्रॅकेट, बिजागऱ्या, पेडल यांचा गंज काढायला मी इलेक्ट्रोलिसिस वापरतो. प्लास्टिकच्या टबमध्ये पाणी आणि धुण्याचा सोडा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला, साध्या लोखंडाची पट्टी पॉझिटिव्हला. ती पट्टी स्टेनलेसची कधीही नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर, आणि क्लिप लावताना-काढताना चार्जर बंद. पाटे, स्प्रिंग आणि उच्च ताकदीचे बोल्ट यात घालू नका, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात.

वायरिंग पूर्ण नवी करा, जुनी जोडत बसू नका. सुरुवातीच्या सीजे-थ्री-बी ६ व्होल्टच्या होत्या. त्याच कामासाठी ६ व्होल्टला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून बॅटरीच्या केबल जाड हव्यात. बारीक केबल घातल्यावर स्टार्टर रडत फिरतो आणि लोक स्टार्टर बदलतात. इंजिनापासून चॅसीपर्यंतची अर्थची पट्टी नवी लावा, दोन्ही टोकांचा रंग खरवडून.

रंग सगळ्यात शेवटी. उघड्या लोखंडावर आधी इपॉक्सी प्रायमर, पुट्टी त्याच्यावर. थेट लोखंडावरची पुट्टी ओल धरते. दोन घटकांचा आयसोसायनेटवाला रंग घरच्या शेडमध्ये मारू नका. त्याला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो, आणि एकदा फुप्फुसाला त्याची ॲलर्जी झाली की ती आयुष्यभर राहते. या जीपवर साधा सिंथेटिक एनॅमल नीट घासून, तीन पातळ हात मारला तर शोभून दिसतो.

वडिलांच्या वेळचा रंग शोधायचा असेल तर डॅशबोर्डच्या मागे आणि सीटखाली, टाकी बसते त्या खोलगट भागात बघा. तिथे सहसा कोणी दुसरा हात मारत नाही. ओल्या वॉटर पेपरने नाण्याएवढी जागा हळूहळू घासा, एकेक थर गोल वलयासारखा उघडत जाईल, आणि सगळ्यात आतल्या प्रायमरच्या लगेच वरचा तो मूळ रंग. त्यावरून रंग जुळवून घ्या आणि डॅशबोर्डमागचा तळहाताएवढा भाग न रंगवता तसाच ठेवा, म्हणजे पुढे कधी डब्याचा नंबर हरवला तरी नमुना गाडीतच असेल.